कणगीतला टाक

मेलेल्या बाईवर कुणी जळतं का? मी जळले. एकदोन दिवस नव्हे, चांगली चार वर्षं, आणि तेही रोज सकाळी आंघोळ करून, देवापुढं पाटावर बसून. जिवंत सवत असती तर निदान तोंड वाजवता आलं असतं, पाण्याच्या घागरीवरून नाहीतर चुलीतल्या लाकडांवरून तंटा करून मन मोकळं झालं असतं. माझी सवत मी या घरात येण्याआधीच दीड वर्ष वारली होती. तिच्याशी भांडायची सोयच नव्हती. उलट तिची पूजा करायची होती.

आमच्याकडं पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की पहिलीच्या नावानं चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे बोटभर उंचीचा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. खंडोबा-भवानीच्या टाकांच्या रांगेत तीही बसते. दुसरीनं रोज तिला पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं, म्हणजे ती मागच्या संसारात जीव गुंतवून बसत नाही, अशी समजूत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला देव्हाऱ्यापुढं नेऊन सांगितलं, "ही तानूबाई. हिला घातल्याबिगर तू पाणी पिऊ नगंस." मी सोळा वर्षांची होते. मी त्या चांदीच्या बाईकडं पाहिलं. सोनाराला तिचं नाक काही जमलं नव्हतं, डोळे मात्र त्यानं चांगले मोठे काढले होते. मला त्या पहिल्या दिवसापासून वाटत आलं, की ती माझ्याकडं बघते आणि मनात म्हणते, ये बाई ये, बस माझ्या चुलीशी.

आमचं गाव कोरेगावपासून दोन कोसांवर. घरात माणसं मोजकीच. आत्याबाई, त्यांचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. मालक, म्हणजे माझे यजमान, ते पलटणीत. आणि तानूबाईची मुलगी शेवंता. मी आले तेव्हा ती चार वर्षांची होती. पोर आईवर गेलीय, असं जो येईल तो सांगायचा, आणि सांगताना माझ्या तोंडाकडं बघायचा. मला ती मावशी म्हणायची. कुणी शिकवलं नव्हतं, आपणहून म्हणायची. 'आई' हा शब्द तिनं त्या टाकासाठी राखून ठेवला होता.

लढाई पेटली आणि मालकांची रजा संपली, तेव्हा जाताना त्यांनी देवातला तांब्याचा लहान गडू शेवंताच्या हाती दिला आणि सांगितलं, "तुझ्या आईला आंघोळ आता तू घालायचीस." तेव्हापासून बाकीचे देव माझे आणि तानूबाई तिची. त्या बोटभर चांदीला ती काय न्हाऊ घालायची! कानामागं बोट फिरवायची, पदर पुसायची, "आई, पाणी गार हाय गं, जरा दम धर," असं म्हणायची. मी शेजारी बसून गंध उगाळत असे. हिला गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? हिच्या डोक्यातल्या उवा कोण काढतं? दुधात भाकरी कुस्करून कोण देतं? आणि लाड कुणाचे, तर पत्र्याचे! मला मूल होत नव्हतं, तेही मी तानूबाईच्याच माथी मारलं होतं. देवाला मी रोज हात जोडत होते, पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष त्या रांगेतल्या शेवटच्या टाकाकडं असायचं. अशा भक्तीला काय म्हणावं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

लढाईची शेवटची वर्षं चालली होती. मालक ब्रह्मदेशाच्या बाजूला होते. पत्र दोनदोन महिने यायचं नाही. मी दर सोमवारी कडकडीत उपास धरायची, अनवाणी महादेवाला जायची, पिंडीवर पाणी घालून कपाळ टेकायची. पायाला भेगा पडल्या होत्या. असं करता करता एके दिवशी दुपारी पत्र आलं. माझ्या मराठी चार यत्ता झाल्या होत्या, त्यामुळं घरात वाचणारी मीच. आधी एकटीनं वाचलं. लिहिलं होतं, की जवळच गोळा पडला, शेजारचे दोघे गेले, मी वाचलो, ही शेवंताच्या आईची पुण्याई. तिच्या टाकाला माझ्या नावानं रोज एक फूल जादा वाहत जा. शेवटी, घरात सर्वांना आशीर्वाद.

त्या 'सर्वांना'मध्ये मी होते.

पत्र आत्याबाईंना वाचून दाखवताना पुण्याईची ओळ मी गिळली. त्यांनी पदर डोळ्याला लावला, देवाला साखर ठेवायला सांगितली आणि जरा आडव्या झाल्या. शेवंता अंगणात खेळत होती. मी देव्हाऱ्यापुढं गेले. सोमवार माझे, भेगा माझ्या आणि पुण्याई हिची. मी तानूबाईला उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि जोंधळ्याच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खाली दडपलं. वर दाणे सारखे केले. खंडोबा, भवानी बघत होते. मी त्यांच्याकडं न बघता साखर ठेवली आणि कामाला लागले. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता गडू भरून देव्हाऱ्याशी आली आणि थांबली. "मावशी, माझी आई कुठं गेली?"

माझ्या हातात शेणाची पाटी होती. मी म्हटलं, "गेली आपल्या म्हायेरी. सांगलीला."

"कवा येणार?"

"मला काय सांगून गेलीया व्हय?"

एवढंच बोलून मी गोठ्यात गेले. मुलं असं काहीबाही विचारतात, आपण काहीबाही सांगतो, असं मी मनाला सांगितलं. आठ वर्षांची पोर आता काय करील, हा विचारसुद्धा शिवला नाही.

न्याहारीला हाक मारली तर शेवंता नाही. शेजारीपाजारी नाही, मारुतीच्या पारावर नाही. त्या दिवशी कोरेगावचा बाजार, निम्मं गाव पहाटेपासून बैलगाड्या जुंपून तिकडं गेलेलं, विचारणार तरी कुणाला? आत्याबाई भिंत चाचपत देव्हाऱ्याशी गेल्या आणि म्हणाल्या, "गडू दिसत न्हाई." मग एका म्हाताऱ्याला आठवलं, की पोर सकाळी हातात गडू घेऊन मळ्याच्या वाटेनं जाताना दिसली होती. मळ्याच्या वाटेला आमची विहीर. झालं, सगळ्यांची तोंडं पांढरी पडली. पाणी आणायला गेली आणि पाय घसरला, असंच जो तो म्हणू लागला. कुणीतरी गळ आणला.

विहिरीच्या काठाला उभी राहून मी गळ आत उतरताना बघत होते, आणि तिथंच मला कळलं. गडू तिनं पाण्यासाठी नेलाच नव्हता. आई सांगलीला गेली, तर तिथं तिला आंघोळ कोण घालणार, म्हणून नेला होता. मळ्याची वाट पुढं कोरेगावच्या सडकेला मिळते. मागल्या वर्षी मालक रजेवर आले तेव्हा तिला आगगाडीनं मामाकडं सांगलीला घेऊन गेले होते. गाडीत बसायचं, मिरजेला उतरायचं, दुसऱ्या गाडीत बसायचं, हे ती महिनाभर मला ऐकवत होती. मला सगळं लख्ख कळलं, आणि मी गप्प राहिले.

का गप्प राहिले? बोलले असते तर कणगी सांगावी लागली असती. कणगी सांगितली की पत्र सांगावं लागलं असतं. देव्हाऱ्यातली मेलेली सवत कणगीत पुरणारी बाई म्हणून गावानं मला बोटानं दाखवलं असतं, आत्याबाईंनी दाराबाहेर काढलं असतं, आणि मालकांना ब्रह्मदेशात कळलं असतं. म्हणून मी देवाला साकडं घातलं. "देवा, पोर सापडू दे. पण माझं बिंग फुटू देऊ नको." गळ खाली गेला की पहिलं वाक्य म्हणायची, रिकामा वर आला की दुसरं. एक विहीर झाली, दुसरी झाली. तिकडं शेवंता एकटी कुठल्या गाडीत, कुठल्या फलाटावर असेल, आणि इकडं दहा माणसं चुकीच्या पाण्यात गळ फिरवत होती. ते थांबवणं एकट्या माझ्या हाती होतं.

त्या दिवशी गावच्या चावडीत पोलिस येऊन बसले होते. ते दिवस कसे होते ते ज्यांनी पाहिले त्यांनाच माहीत. सातारा जिल्ह्यात पोरं भूमिगत झालेली, पोलिस त्यांच्या मागावर, आणि गावातलं कुत्रंसुद्धा खाकीला वाट सांगायचं नाही. पोलिसाला तांब्याभर पाणी दिलं तरी चार दिवस चर्चा व्हायची. अशा वेळी आत्याबाई काठी टेकत चावडीकडं निघाल्या. शेजारच्या काकू आडव्या आल्या. "आवं आत्याबाई, पोलिस घरात घेताय? इस्तू पदरात बांधल्यागत हाय ते!"

"माझी नात गेलीया," आत्याबाई म्हणाल्या. "यमाच्या दारात बी जाईन मी. सरक."

त्यांच्याबरोबर एक जमादार आले. पन्नाशीचे, अंगानं जड, मिशा पिकलेल्या, दर दोन वाक्यांना खोकणारे. त्याच आठवड्यात बदलून आले होते, त्यामुळं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. विहिरीत डोकावून त्यांनी विचारलं, "पोरीनं संगं काय नेलं?"

"गडू," कुणीतरी म्हणालं.

"कसला गडू?"

"तांब्याचा. देवातला," आत्याबाई म्हणाल्या.

जमादारांनी गळ धरणाऱ्याला हातानंच थांबवलं. "देवातला गडू घिऊन पाण्याला कोण जातं? पाण्याला कळशी नेत्यात, घागर नेत्यात. चला, देव्हारा दावा मला."

मी आजवर हेच मनात घोळवत आले आहे. त्या आठवड्यात दुसरा कुणी बदलून आला असता, शहरातला नाहीतर परमुलखातला, तर त्याला गडू म्हणजे भांडं वाटलं असतं आणि त्यानं तिसरी विहीर बघायला सांगितली असती. पण आमच्या दारात नेमका देव्हारा जाणणारा माणूस येऊन उभा राहिला. चमत्कार म्हणा, योगायोग म्हणा. मी वाद घालत नाही.

जमादारांनी ओट्यावर बसून पायाच्या पट्ट्या सोडल्या, बूट काढले, पायावर पाणी घेतलं आणि देव्हाऱ्यापुढं येऊन मांडी घातली. हात जोडले. मग रांगेच्या टोकाला बोट दाखवलं. तिथं वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा थर बसला होता आणि मधोमध टाकाएवढी जागा स्वच्छ होती. "हितं कोण बसतं?"

आत्याबाईंनी बोटांनी एकेक टाक चाचपला आणि कपाळावर हात मारला. "तानूबाई! आगं बाई, तानूबाईचा टाक कुठं गेला?"

"पोरीनंच नेला आसंल," दारातून काकू म्हणाल्या.

देवानं माझ्यापुढं आयती पळवाट आणून ठेवली होती. नुसती मान हलवायची. पोरीनं नेला, असं सगळ्यांनी मानलं असतं, बिंग झाकलेलंच राहिलं असतं, आणि सांगली कुणाच्या ध्यानातही आली नसती. मी जमादारांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. माझ्या हाताकडं. गहू-जोंधळ्याची कणगी ढवळली की हाताला पांढरट भुकटी लागते, ती धुतल्यावर जाते, तेव्हा हाताला काही दिसत नव्हतं. तरी मी हात पदराखाली घेतले.

"समदी भाईर व्हा," ते म्हणाले. "आत्याबाई, तुमी बी जरा ओट्यावर बसा."

आम्ही दोघंच राहिलो. आता हा ओरडेल, काठी आपटेल, असं मला वाटलं. तसंच ऐकत आले होते. जमादार खोकले, आणि देव्हाऱ्याकडं बघतच बोलले. "आमच्या घरात बी एक टाक हाय. माझ्या पहिलीचा. दुसरी रोज पाणी घालती." मग माझ्याकडं वळले. "पोर कुठं गेली आसंल, बाई?"

तू काय केलंस, असं त्यांनी विचारलं नाही. पोर कुठं गेली, एवढंच विचारलं. मी खंडोबाकडं पाहिलं, भवानीकडं पाहिलं, त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. सकाळपासून दोन वाक्यांत मागत होते, त्यातलं दुसरं वाक्य मी सोडून दिलं. देवा, फुटू दे बिंग. आणि मग जे तोंडातून निघालं ते थांबेना. पत्र, सोमवार, कणगी, सांगली, "मला काय सांगून गेलीया व्हय", सगळं सांगितलं. जमादारांच्या खिशात वही होती, पण त्यांनी ती काढली नाही. पोर घरातून कधी गेली, अंगावर काय होतं, मामाचं घर कुठं, एवढं विचारून घेतलं. बूट चढवताना म्हणाले, "मी ठेसनावर जाऊन पुढच्या समद्या ठेसनांना तार करतो. तुमी टाक काढून ठेवा. पोरीला लागंल." कुणाची तरी सायकल घेतली आणि त्या जड अंगानं, खोकत, उन्हात कोरेगावच्या सडकेला लागले.

मी कणगीत हात घातला. आत्याबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. दाण्यांचा आवाज त्यांना ऐकू आला, आणि मग मी त्यांना सगळं माझ्या तोंडानं सांगितलं. टाक हातात घेऊन त्यांनी पदरानं पुसला. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि पुढं महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ते मला मिळायलाच हवं होतं.

दिवेलागणीला एक शिपाई निरोप घेऊन आला. मिरजेच्या फलाटावर रेल्वेच्या पोलिसाला तांब्याचा गडू छातीशी धरलेली पोर सापडली होती. बाजारच्या बायकांच्या गर्दीतून ती कोरेगावात गाडीत चढली होती. रडत नव्हती म्हणून कुणाला संशय आला नाही. प्रत्येक गाडीला, ही सांगलीला जाती का, असं विचारत होती. तार पोचली आणि त्या पोलिसानं तिला मामाच्या घरी नेऊन पोचवलं. निरोप ऐकून आत्याबाईंनी देव्हाऱ्याकडं वळून हात जोडले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण खरं सांगते, त्या पाण्यातसुद्धा एक थेंब जळफळाटाचा होता. पोर केवढी निघाली ती आईसाठी! माझ्यासाठी कधी कुंपणापर्यंत तरी आली असती का?

दुसऱ्या दिवशी मुलीला ताब्यात घेतल्याचं लिहून द्यायचं होतं म्हणून जमादार स्वतः मला घेऊन निघाले. टाक मी कमरेला बांधला होता. खाकीतला माणूस समोर, मी मान खाली घालून. डब्यातल्या बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. रहिमतपूरच्या पुढं एका म्हातारीला राहवेना. माझ्याजवळ सरकून म्हणाली, "काय केलंस गं पोरी? नवरा मारलास का सासू?"

माझ्या आधी जमादार बोलले. "लेक आणाया चाललीया."

लेक. चार वर्षांत कुणी शेवंताला माझी लेक म्हटलं नव्हतं. तानूबाईची आणि मालकांची लेक, आत्याबाईंची नात, सगळ्यांची कोणी ना कोणी होती ती. मी खिडकीबाहेर तोंड केलं. कऱ्हाड मागं गेल्यावर जमादार आपणहून म्हणाले, "माझी दुसरी बी लय जळती बगा. एक दिस मी तिला म्हणलं, नगं घालूस पाणी, मी घालतो. तर म्हणली, माझी सवत हाय, मीच घालणार. तवा मला कळलं. इसरणारी बाई नेमानं पाणी घालत न्हाई. जळणारीच घालती." मला हसू आलं आणि ते मी पदराखाली लपवलं.

शेवंताचा मामा सांगलीत हळदीच्या पेठेजवळ राहायचा. घरभर हळदीचा वास, भिंतीसुद्धा पिवळसर. तानूबाई या घरात लहानाची मोठी झाली, याच उंबऱ्यावर ती खेळली असेल, असा विचार आला आणि मी उंबऱ्याला पाय न लावता आत गेले. मामी म्हणाली, पोर कालपासून देव्हाऱ्यापुढून हलत नाही. खरंच शेवंता तिथं बसली होती. मांडीवर गडू. मला बघून उठली नाही.

"मावशी, आई हितं आलीच न्हाई. मामी म्हणती, कुणीच न्हाई आलं."

मी तिच्यापुढं बसले आणि कमरेचं फडकं सोडलं. आणखी एक थाप मारणं सोपं होतं, की वाटेत चुकली होती, मला गाठ पडली. पण दारात जमादार उभे होते, आणि ते नसते तरी आता माझ्यानं होईना. "आई सांगलीला आली नव्हती. मी तिला लपवली हुती. कणगीत."

शेवंतानं टाक हातात घेऊन नीट पाहिला. "कणगीत? जोंधळ्यात? तिच्या नाकात कुसळ गेलं आसंल की." मग माझ्याकडं बघून विचारलं, "का लपवलीस?"

"मला तिचा राग आला."

"तिनं काय केलं?"

चार वर्षं मी तानूबाईचे अपराध मनात म्हणत आले होते. त्यातला एकही त्या पोरीपुढं तोंडातून निघेना. "काय न्हाई केलं," मी म्हटलं. "तिनं काईच न्हाई केलं."

शेवंतानं गडू माझ्यापुढं केला. "मग तू घाल आंघोळ. नाकातलं कुसळ काढ." मी कृष्णेचं पाणी मागून घेतलं आणि पहिल्यांदा तानूबाईच्या कानामागून बोट फिरवलं. चांदी थंड होती. शेवंता बाजूनं सूचना देत होती, "हळू घाल, डोळ्यात जातंय."

मामा जमादारांना फेटा बांधायला निघाला. त्यांनी गूळपाणी घेतलं, फेटा घेतला नाही. मी पाया पडायला वाकले तर मागं सरले. "देवाच्या पाया पडा, बाई. मी नुसती तार केली." जाताना हळूच म्हणाले, "पोर आजोळच्या ओढीनं गेली, असं लिवलंय. खोटं न्हाई त्यात." टाक पोरीनंच नेला होता असं गाव धरून चाललं, कणगीचं कुणाला काही कळलं नाही. जोवर मी बिंग फुटू देऊ नको म्हणून हट्ट धरून बसले होते तोवर देवानं ऐकलं नाही. मी हट्ट सोडला, तेव्हा त्यानं ते एका पोलिसाच्या वहीत झाकून ठेवलं. मालकांना मात्र मी स्वतः कळवलं. गिळलेली ओळसुद्धा लिहिली. उत्तरात त्यांनी या गोष्टीचं नावही काढलं नाही, फक्त शेवटी 'सर्वांना'च्या आधी माझं नाव वेगळं घातलं होतं.

पुढं दीड महिन्यानं भूमिगतांच्या तपासासाठी पोलिसांनी आमच्या आळीतली दोन घरं उलटीपालटी केली, लोकांचे दाणे रस्त्यावर ओतले, एका म्हाताऱ्याला काठीनं मारलं. त्यांत ते जमादार होते का नव्हते, मला माहीत नाही. मी दाराला कडी लावून बसले होते आणि माझी कृतज्ञता कुठं ठेवावी ते मला कळत नव्हतं. लोक खाकीला शिव्या देत, मी गप्प राही. काकू म्हणत, हिला काय, हिच्या पोरीला पोलिसांनी आणली. खरंच होतं ते. काही दिवसांनी जमादारांची बदली झाली. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. त्यांच्या नावाचं म्हणून मी रोज देव्हाऱ्यात एक फूल ठेवते, कुठल्या देवाला ते न ठरवता. ज्याला पोचवायचं त्याला तो पोचवील.

लढाई संपली, मालक धडधाकट परत आले. मला दोन मुलगे झाले. शेवंता तिकडं सांगलीच्याच बाजूला दिली. तिची नातवंडं आता शाळेत जातात. ती मला अजून मावशीच म्हणते. मत्सर गेला का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणेन. म्हातारपणी माझं नाक बसकं झालंय, आणि तानूबाई मात्र तशीच पंचविशीची, मोठ्या डोळ्यांची. पण आता मी तो मत्सर कणगीत दडपत नाही. सकाळी पाण्याबरोबर तिच्याच डोक्यावर ओतते आणि म्हणते, घे बाई, हाही तूच सांभाळ. जे आपल्याला टाकता येत नाही ते देवापुढं ठेवता येतं, एवढं मला कळलं.

मागच्या संक्रांतीला शेवंता आली होती. मी तिला म्हटलं, मी गेल्यावर माझाही एक टाक करून घे. नाक नीट काढायला सांग सोनाराला. तानूबाईच्या शेजारी बसव. ती रडू लागली तर मी तिला दटावलं आणि पुढचं सांगून टाकलं. पाणी आधी तिला घाल, तो तिचा मान आहे. फूल मात्र दोघींना सारखं.